पत्र्यावर दगड नको

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा फुलंब्रीला होती आणि मुलीला एकटीला कोण पाठवणार, म्हणून घरीच राहिले. आता माझ्या मुलीच्या जुन्या वहीत मागं कोरी पानं उरली आहेत, त्यांवर लिहिते आहे. कुठं खोडलं आहे, कुठं शाई फुटली आहे. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी माफी मागते, कारण जिच्याबद्दल लिहायचं आहे तिला गबाळं काम चालत नव्हतं. तारेचं टोक जरा वर राहिलं तरी ती म्हणायची, "अर्धं काम करून कुणाला फसवती गं? वाऱ्याला?"

ती म्हणजे आमची घरमालकीण. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिचं खरं नाव मला खूप दिवस माहीत नव्हतं, कारण लाईटचं बिल तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावानं यायचं. नाव कळलं ते दवाखान्यात, केसपेपरवर. ते इथं लिहीत नाही. मावशीच म्हणते.

आम्ही खोली बघायला आलो तो दिवस मला चांगला आठवतो. ह्यांना कंपनीत काम लागलं होतं आणि आम्ही पडेगावच्या बाजूला खोली शोधत होतो. आधीच्या दोन ठिकाणी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दिली असं सांगितलं. तिसरं ठिकाण मावशीचं. पत्र्याच्या पाच खोल्या एका रांगेत, पुढं अंगण, अंगणात एक कडुलिंब. मावशी पायरीवर बसून जुनी तार हातोडीनं ठोकून सरळ करत होती. काडीसारखी बाई, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. तिनं आडनाव विचारलं नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. माझ्या मुलीकडं बोट केलं आणि म्हणाली, "हिला आत आण."

आत स्वयंपाकाचा कडप्प्याचा ओटा होता. मावशी मुलीला म्हणाली, "ओट्याखाली बस बरं, पोरी."

मुलगी माझ्यामागं लपली. लाजरेपणात ती माझ्यावर गेली आहे. तेव्हा मावशी गुडघे धरून खाली बसली आणि स्वतःच ओट्याखाली शिरली. आतून म्हणाली, "हे बघ, मी म्हातारी मावती. तू नाय मावणार व्हय?" मुलगी हसली आणि जाऊन तिच्याशेजारी बसली. दोघी तिथं जरा वेळ बसून राहिल्या. मग मावशीनं आतूनच ह्यांना सांगितलं, "खोली तुमची. ओट्याखाली काही ठेवायचं नाय. भाडं उशिरा दिलं तर चालंल, हे नाय चालणार."

बाहेर आल्यावर हे मला हळूच म्हणाले, "म्हातारीचा स्क्रू ढिला दिसतोय. पण खोली स्वस्त आहे."

एका खोलीच्या संसारात ओट्याखालची जागा रिकामी ठेवायची म्हणजे काय, हे बाईलाच कळेल. सिलिंडर कुठं ठेवायचा, ज्वारीचे डबे कुठं ठेवायचे? सगळ्या जणी कुरकुरायच्या. मावशी कधीही दारात यायची आणि वाकून बघायची. एकदा चौथ्या खोलीतल्या बाईनं कांद्याची गोणी खाली सरकवून वरून साडीचा पडदा सोडला होता. मावशीनं पडदा उचलला आणि गोणी ओढत अंगणात आणली. चौथ्या खोलीतली बाई तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "मावशी, कांदा काय मरत होता का ओट्याखाली?"

मावशी म्हणाली, "कांदा नाय मरत गं. म्हणून तर तो बाहेर."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मावशी हसली नाही.

होळी झाली की तिचा हंगाम सुरू व्हायचा. वस्तीत तिला हवामान खातं म्हणायचे. ती शहागंजच्या बाजारात पायी जाऊन नटबोल्ट, रबराच्या चकत्या, जाड तार घेऊन यायची. कडुलिंबाला एक बांबू बांधला होता, त्याच्या टोकाला लाल लुगड्याची चिंधी. दुपारी सगळी वस्ती झोपायची तेव्हा ती पायरीवर बसून त्या चिंधीकडं बघायची. दौलताबादच्या बाजूनं आभाळ काळं झालं की सरळ उठायची आणि पाचही खोल्यांचा मेन स्विच पाडायची. कुणाची मालिका चालू असायची, कुणाची इस्त्री. मग अंगणात आरडाओरडा व्हायचा.

"मावशी, अजून थेंब पण नाय पडला!"

"थेंब पडल्यावर पाडायला मी काय तुझ्यासारखी निवांत हाय का?"

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहूनही उशिरा. त्या दिवशी लाईट गेली की मोटर बंद आणि पुढचा आठवडा कोरडा. म्हणून मावशीनं तिच्या दारात एक निळा ड्रम झाकून ठेवला होता. त्याला ती लाईटचं पाणी म्हणायची. लाईट गेल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात घशाला कोरड पडली तरी नाही.

तिची सगळ्यात वेडी गोष्ट म्हणजे अंधाराची तालीम. पाचही खोल्यांत काडीपेटी एकाच जागी टांगलेली असायची, दाराच्या डाव्या अंगाला, प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला. कुणीही कुणाच्याही घरात शिरलं तरी हात तिथंच गेला पाहिजे, असं तिचं म्हणणं. दिवेलागणीला ती न सांगता मेन पाडायची आणि अंगणातून ओरडायची, "पडला अंधार!" मग प्रत्येकीनं दिवा लावून दारात उभं राहायचं. ती रांगेनं बघत जायची. मोबाईलची बॅटरी लावलेली चालायची नाही. "त्याचं चार्जिंग संपलं म्हणजे काय तोंडानं उजेड पाडशील?"

चौथ्या खोलीतली विचारायची, "मावशी, निकाल कधी लावताय?"

बहुतेक वेळा माझा दिवा पहिला असायचा. मला बोलायला जमत नाही, पण अंधारात माझे हात चुकत नाहीत. मावशी माझ्यापाशी थांबून नुसतं "हं" म्हणायची. बाकीच्या जणी दिवा लावता लावता गप्पा मारायच्या. त्यांना ती म्हणायची, "अंधारात तोंड चालवणारी बाई उपयोगाची नाय. हिचं बघा." मला इतकी लाज वाटायची की मी दिवा पदराआड धरायची. माहेरी, सासरी, शाळेत, कुठंच मला कुणी "हिचं बघा" म्हटलं नव्हतं.

आणि दगड. आमच्या वस्तीत बहुतेक पत्र्याच्या घरांवर वजन ठेवलेलं असतं. दगड, फुटका पाटा, जुना टायर, सिमेंटचा गोळा. वारं आलं की पत्रा उडतो, म्हणून वर वजन ठेवायचं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. हुकाला पैसे पडतात, दगड फुकट मिळतो. मावशीच्या पाच खोल्यांवर मात्र खडासुद्धा नव्हता. तिचे पत्रे खालच्या लोखंडी पाइपाला हुकांनी आवळलेले होते आणि शिवाय कडेनं तार ओढलेली. दरवर्षी ती स्वतः शिडी लावून वर चढायची, नट आवळायची. पोरांनी चेंडू समजून दगड वर फेकला तरी ती चढायची आणि तो ओच्यात घालून खाली आणायची. वरून टाकून द्यायची नाही, उतरवून आणायची. ती असं का करते, हे कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी खूळ असतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या अंगणाला लागून पिठाची गिरणी आहे. तिलाही पत्र्याचं छप्पर. गिरणीवाला माणूस हसरा, सगळ्यांशी गोड. गिरणीचे झिजलेले दगड त्यानं पत्र्यावर ठेवले होते. एकेक दगड दोघांनी उचलावा असा. पुढच्या कडेला, बरोबर पायरीच्या वर, जिथं बाया डबे घेऊन उभ्या राहतात.

मावशी दळण घेऊन गेली की दोघांचं सुरू व्हायचं.

"ते खाली घे की रं बाबा."

"मावशी, वर जातं ठेवलंय मी. वाऱ्याला पीठ व्हायचं असलं तर येऊ दे त्याला."

"वाऱ्याचं पीठ नाय होत. खालच्या माणसाचं होतं."

तो हसायचा आणि तिच्या डब्यात मूठभर पीठ जास्त टाकायचा. ती ते काढून परत त्याच्या पाटीत टाकायची.

एका उन्हाळ्यात मावशीनं त्याला हुकांचे पैसे दिले. तिची ती पद्धतच होती. वस्तीत ज्याला हूक परवडत नाहीत त्याला ती उसने पैसे द्यायची. तो हूक बसवायचा, दगड उतरवायचा आणि जमेल तसे पैसे परत करायचा. सगळे फिटले की तेच पैसे ती त्याच्या पुढच्या घराला द्यायची. आमच्या गल्लीची एक बाजू अशी एकेक घर करत बिनदगडाची झाली होती. आमच्यापर्यंत ती बाजू आली होती आणि आता गिरणीची पाळी होती. गिरणीवाल्यानं पैसे घेतले, कपाळाला लावले, म्हणाला, "उद्याच शहागंजात जातो."

मग त्याच्या पोरीचं बाळंतपण आलं. पैसे तिकडं गेले. हे सगळ्यांना कळलं, मावशीलाही कळलं असणार. पण तो ते कबूल करायचा नाही. "मावशी, शहागंजात हूकच संपलेत."

"हूक काय आंबे हायेत का, हंगाम संपला म्हणायला?"

"पुढच्या महिन्यात नक्की."

असं करत पुढचा वैशाख आला. दगड वरच होते.

त्या दिवशी दुपार कलली होती. हे कामावर होते. लाईट जेवणाच्या वेळेलाच गेली होती आणि गिरणीत अर्धवट दळलेलं पीठ तसंच अडकलं होतं, म्हणून चार बाया डबे घेऊन गिरणीच्या पायरीवर बसून होत्या. लाईट आली की दळण उरकून जाऊ, असं म्हणत. गरम इतकं होत होतं की कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. मावशी चिंधीकडं बघत बसली होती. मग चिंधी एकदम आडवी झाली. मावशीनं मेन पाडला. लाईट नसली तरी पाडला, कारण गेलेली लाईट तुटलेल्या तारेतून परत येते असं ती म्हणायची. आणि ती ओरडली, "ओट्याखाली! सगळ्यांनी ओट्याखाली!"

मी मुलीला आत ढकललं आणि मीही शिरले. दार उघडंच होतं. वाऱ्यात दार उघडं ठेवायचं, म्हणजे बाहेरून दिसतं आत माणूस आहे का, हा तिचाच नियम. म्हणून मला ओट्याखालून अंगण दिसत होतं, आणि अंगणापलीकडं गिरणीची पायरी दिसत होती.

धूळ इतकी आली की सगळं पिवळं झालं. त्या पिवळ्यात मावशी गिरणीकडं जाताना दिसली. पदर कमरेला खोचलेला. तिनं पहिल्या बाईचा दंड धरला आणि आमच्या खोल्यांकडं ढकलली. दुसरी म्हणत होती, "मावशी, माझा डबा!" मावशीनं डबा लाथेनं उडवला आणि तिला ओढलं. दोघी माझ्या खोलीत पळत आल्या, माझ्याशेजारी ओट्याला टेकून बसल्या. उरलेल्या दोघी पुढच्या खोलीत गेल्या. गिरणीवाला आत पिठावर गोणपाट टाकत होता. तो ओरडला, "मावशी, आत या, आत या! भिजताल!"

"तू बाहेर ये आधी, मेल्या!"

तो आला नाही. ती पायरी चढून गेली आणि त्याच्या सदऱ्याच्या गळ्याला धरून त्याला बाहेर ओढलं. तेवढ्यात विस्तवावर पापडाची कड उचलते तशी पत्र्याची कड उचलली. मी बघत होते. तो बाहेरच्या अंगाला आला होता, तिचा एक पाय अजून पायरीवर होता. दगड घसरला. आवाज आला नाही, वाऱ्यानं तो खाऊन टाकला. मावशी नुसती बसल्यासारखी खाली बसली.

मी मुलीला त्या बायांपाशी सोडून धावले. चौथ्या खोलीतलीही आली. दगड मावशीच्या कमरेवरून पडून बाजूला गेला होता, एक डबा त्याच्याखाली चपटा झाला होता. मावशी शुद्धीवर होती. तिनं मला विचारलं, "पोरी कुठं हायेत?" मी म्हटलं, "ओट्याखाली." ती म्हणाली, "हं."

रस्त्यावर फांदी पडली होती, रिक्षा आत येईना. गिरणीवाल्यानं तिला गोण्यांच्या हातगाडीवर घातलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. पाऊस लागला होता. तो रडत होता आणि सारखं म्हणत होता, "मावशी, बोला. मावशी, शिव्या द्या." त्या दिवशी बाकी कुणाला खरचटलंही नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात जुळणं अवघड, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला घरी आणलं ते बाजेवरच. दुसऱ्याच दिवशी गिरणीवाल्यानं दगड उतरवले होते आणि उसने पैसे काढून हूक बसवले होते. तो सांगायला आला, पिठाची पिशवी घेऊन.

"मावशी, हूक लावले बघा."

"कशाच्या पैशानं?"

"मेव्हण्याकडून घेतले."

"मग माझे कुठं हायेत?"

त्यानं पिठाची पिशवी बाजेखाली सरकवली. मावशी म्हणाली, "पीठ घेऊन जा. पैसे आण."

हे वस्तीत सगळ्यांच्या तोंडी झालं. बाया म्हणायच्या, म्हातारी मरणाला टेकली तरी पैसा सुटत नाही. चौथ्या खोलीतली म्हणाली, "वर काय शहागंज हाय का, खरेदीला?" मलाही आतून वाईट वाटायचं. तो बिचारा तिचं सगळं करत होता, दवाखान्यात नेत होता, गोळ्या आणत होता. आणि ती तो आला की पहिलं हेच विचारायची.

मी रोज दुपारी तिचे केस विंचरायला जायची. मी काही विचारत नसे, तीही काही बोलत नसे. दिवाळीच्या पुढं कधीतरी, कंगवा चालू असताना, तिनं आपण होऊन सांगितलं. पत्र्याकडं बघत सांगितलं, माझ्याकडं नाही.

"सिल्लोडकडं शेतात आमचं पत्र्याचं घर होतं. वळवाचं वारं सुटलं. मालक वर चढले. म्हणले, दगड दे. मी खालून दिला. हलका नको म्हणून चांगला वजनाचा बघून दिला. पोरगी आत बाजेवर निजली होती."

माझा हात थांबला. ती म्हणाली, "विंचर तू."

मी विंचरत राहिले.

"सरकारनं तिच्या नावानं पैसे दिले. आता त्या पैशाचं काय करावं गं? लुगडं घ्यावं? खावं? आधी आमच्याच घराला हूक आणले. मग तेवढेच पैसे साठवून शेजारणीला दिले. तिनं फेडले, दुसरीला दिले. इथं आले तरी तेच. ते फिरतेत तवर मला बरं वाटतं. त्याच्याकडं अडकले की मला झोप नाय लागत."

मग तिनं मान माझ्याकडं वळवली. "मी काय आता उठत नाय. गिरणीवाल्याकडून तू घे. अन् त्याच्या पल्याडच्या घराला दे."

मी म्हटलं, "मावशी, मला मागता येत नाही." खरंच येत नाही. दुकानदारानं सुट्टे कमी दिले तरी मी तशीच घरी येते.

"मागू नको. नुसती उभी राहा. तुझं तोंडच असं हाय, की माणसाला लाज वाटती."

थंडीत मावशी गेली. सकाळची वेळ होती. आभाळ स्वच्छ होतं, लाईट चालू होती, वारा नावालाही नव्हता. मला ते कसंतरीच वाटलं, इतकी तयारी केलेल्या बाईनं अशा शांत दिवशी जावं. तिला बाहेर काढलं तेव्हा मी दाराच्या डाव्या बाजूला बघितलं. काडीपेटी पिशवीत होती.

तिचा पुतण्या सिल्लोडहून आला. वाईट माणूस नाही. त्यानं सगळ्यांना सांगितलं की भाडं वेळेवर द्या, बाकी आपलं काही म्हणणं नाही. मावशीच्या खोलीत त्यानं मक्याच्या गोण्या भरल्या, ओट्याखालीसुद्धा. हळूहळू बाकीच्या सगळ्यांचे सिलिंडर ओट्याखाली गेले. निळा ड्रम कुणीतरी भांडी घासायला वापरून संपवला, मग तो रिकामाच पडला. दिवेलागणीला आता कुणी मेन पाडत नाही. बांबूवरची चिंधी उन्हानं पांढरी पडली, मग एक दिवस दिसली नाही. घर बघायला गेलं तर आता जास्त सोयीचं झालं आहे. माझी मुलगी अजून ओट्याखाली बसून अभ्यास करते. आता ती वाकल्याशिवाय मावत नाही.

मी पुतण्याला हुकांच्या पैशांचं सांगितलं. एवढं बोलायला मला दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत यावं लागलं. तो म्हणाला, "ताई, ते काकूचं काकू जाणे. मला त्यात ओढू नका."

मग मी गिरणीवर जायला लागले. दळण असो नसो. डबा घेऊन पायरीच्या बाजूला उभी राहायची. काही बोलायची नाही. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "वहिनी, काय दळायचंय?" मी मान हलवली. तो समजला. तोंड फिरवून गिरणीचा पट्टा बघत बसला. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोनं आतून म्हटलं, "ह्यांना काही काम नाय का घरी?" मला धरणी दुभंगावी असं वाटलं, पण मी उभी राहिले. गिरणीचा आवाज मोठा असतो, त्यात न बोलणं फारसं कुणाला कळत नाही. तिसऱ्यांदा त्यानं गल्ल्यातून काही नोटा काढून माझ्या डब्यात ठेवल्या. नोटा पिठानं पांढऱ्या होत्या.

असं चाललं. कधी तो द्यायचा, कधी हात जोडून "आज नाय" म्हणायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, मावशी शिव्या घालायची ते परवडायचं हो." मी ते पैसे मावशीच्या जुन्या रुमालात बांधून काडीपेटीच्या खिळ्याला टांगत गेले. ह्यांना माहीत होतं. घरात पैशाची ओढाताण झाली तेव्हा हे एकदा त्या रुमालाकडं बघून माझ्याकडं बघत राहिले.

गिरणीच्या पलीकडं एक नवं जोडपं राहायला आलं आहे. नवरा सेंट्रिंगच्या कामावर जातो, बायको वीस-बावीसची असेल, अंगावर पिणारं लेकरू. घर पत्र्याचं. गिरणीपाशी पडलेल्या त्या दगडांतला एक तिच्या नवऱ्यानं जोडीदाराच्या मदतीनं कामाचा म्हणून उचलून नेला आणि आपल्या पत्र्यावर ठेवला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मावशीवर पडला तोच दगड आहे, त्याच्या कडेचा टवका मी ओळखते. आणि त्याच्या खाली पाइपाला तिनं पाळणा बांधला आहे. मी गिरणीच्या पायरीवर उभी राहिले की तो पाळणा हलताना दिसतो. कितीदा वाटलं, जाऊन सांगावं. पण नुसतं सांगून काय होतं, मावशी एवढी वर्षं सांगतच होती. हातात हूक नसताना दगड उतरवा म्हणणारीला लोक हसतात.

होळी झाली. परवा धुळीचा पहिला लोट आला, थोडाच, पण सगळे पत्रे एकदा वाजले. मी रात्रभर पाळण्याचा विचार करत पडले होते.

आज दुपारी गिरणीवर गेले. लाईट नव्हती, म्हणून गिरणी बंद होती आणि इतकी शांतता होती की मला तिथं उभं राहणं फार जड गेलं. गिरणीवाला आतून आला. सदऱ्याला वरचं बटण नाही, मावशीनं धरून ओढलं तेव्हा तुटलं ते त्यानं लावलंच नाही. त्यानं नोटा माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "मोजून घ्या."

मी मोजल्या नाहीत.

"फिटले, वहिनी. सगळे फिटले." तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. "आता तरी माझ्या दारात उभ्या राहू नका."

मी मान हलवली. घरी जाऊन खिळ्यावरचा रुमाल काढून आणला, त्यात या नोटा ठेवल्या आणि गाठ मारली. नोटांवरचं पीठ झटकलं नाही. मग गिरणीची पायरी ओलांडून पलीकडं गेले आणि रुमाल मुठीत धरून त्या पाळण्याच्या दारात उभी राहिले.